नावं काढलीत, तरी माणूस ओळखू येतोच!

नमस्कार मंडळी. थीसिस जमा करायची वेळ आली की कमेंट्समध्ये हा प्रश्न येतोच: "ताई, एक्सेलमधला नावांचा कॉलम डिलीट केला. आता डेटा शेअर करू ना?"

नको. थांबा जरा.

  

समजा, वरळीच्या बीडीडी चाळीत सर्व्हे केला. नाव काढलंय, पण ओळ अशी आहे: वय 43, विधवा, नर्स, तीन मुली. अहो, ही ओळ त्या चाळीत वाचून दाखवा, खोली नंबरसकट सांगतील! आणि पुढच्याच कॉलममध्ये तिचं कर्ज, तिचा आजार. ते तिनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं, शेजाऱ्यांना नाही.

हे चाळीपुरतंच नाही बरं. 1990च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (म्हणजे तिथला पिनकोड) जुळवला आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या.

यावर एकानं लिहिलंय, "आपल्या एका पिनकोडात केवढी माणसं, कोण शोधणार?" माणसं खूप आहेत, खरंय. पण जात, व्यवसाय, मुलं असे कॉलम लावत गेलात की त्या गर्दीतून शेवटी एकच बाई उरते.

म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट लिहा. चाळीऐवजी महापालिकेचा अख्खा जी दक्षिण वॉर्ड, नर्सऐवजी आरोग्यसेवा. मग फिल्टर लावून बघा. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं उरली तर गट आणखी मोठा करा. विश्लेषणाची धार जाते, मान्य. म्हणून मूळ शीट जपून ठेवा, पासवर्ड लावून. बाहेर द्यायची ती ही दुसरी.

आता मला ज्याचा खरंच राग येतो ते. नावांच्या जागी आर-01, आर-02 लिहायचं आणि कुठला नंबर कुणाचा ही यादी त्याच ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवायची! असं फोल्डर मी पाहिलंय, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणीही उघडावं. मग नावं काढलीत कशाला? यादी वेगळ्या जागी ठेवा, कुलपात. ती फक्त तुमच्याकडे आणि गाइडकडे.

"2023च्या डेटा कायद्यात संशोधनाला सूट आहे ना?" आहे, पण अटींसह. त्या माहितीवरून त्याच व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे.

आणि संमतीपत्र काढून वाचा. त्यात "माहिती फक्त या प्रबंधासाठी" असं लिहिलं असेल, तर गट कितीही मोठे केलेत तरी ती शीट जाहीर करू नका. त्या लोकांना पुन्हा विचारा. फोन नंबर त्या कुलपातल्या यादीत आहेत.