‘सु’व्यवस्था

श्रोतेहो, नमस्कार.

‘राज्यात कायदा व सुव्यवस्थेचा बोजवारा उडाला आहे!’ अधिवेशनातलं हे वाक्य कोणत्या पक्षाचं? ते विरोधी बाकांचं. माणसं उठून सत्तेत गेली, की वाक्य तिथेच राहतं. नवे येतात ते उचलतात. सरकारकडे हेच शब्द वेगळ्या कामाला येतात. मोर्चाची परवानगी मागा, उत्तर येईल: ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ शक्यता काय, कशाचीच नाकारता येत नाही!

इंग्रजीत नुसतं ‘ऑर्डर’ आहे. ‘सु’ आपण लावला.

पण या शब्दांची एकदा कोर्टात नीट मोजणी झाली. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्यात खासदार डॉ. राममनोहर लोहियांना स्थानबद्ध केलं. ज्या भारत संरक्षण नियमांखाली हे केलं, त्यांतले शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात मात्र लिहिलं गेलं ‘कायदा व सुव्यवस्था’. एवढ्यात काय बिघडलं? सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितलं, बिघडलं. आणि सप्टेंबरात स्थानबद्धता रद्द केली.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पायला सांगितली. सर्वांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि मधोमध, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे एकमेकांना भिडले, तर ते बाहेरच्या वर्तुळात. पोलिसांनी पकडावं, गुन्हा नोंदवावा. पण ते दोघे वेगवेगळ्या जमातींचे असले आणि एकाने त्यावरून लोकांना भडकवायला सुरुवात केली, तर मामला आतल्या वर्तुळात शिरतो. मारामारी तीच असते. तिची झळ किती जणांपर्यंत पोचते, ते बघायचं.

खटला न चालवता माणसाला आत ठेवायचं, तर ही झळ दाखवावी लागते. आपल्याकडे महाराष्ट्रात १९८१चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालण्याचा कायदा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, ‘धोकादायक व्यक्ती’ यांना त्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. आदेशात दोन-चार गुन्हे असतात, नाव न सांगणाऱ्या साक्षीदारांचे जबाब असतात: अमक्याने चाकू दाखवून खिशातले पैसे काढले, लोक घाबरून पळाले. ‘लोक पळाले’ हे वाक्य सहसा चुकत नाही. त्यावाचून दुसऱ्या वर्तुळात जायला वाट नाही. पण मुंबई उच्च न्यायालय असे आदेश वेळोवेळी रद्द करतं, आणि निकालपत्रात पुन्हा तेच दोन दारुडे भेटतात.