आठ मात्रांतली दहा पावले

(दृश्य : शहाबादी फरशीवर खडूने आखलेली सरळ रेघ. रेघेच्या दोन टोकांना समोरासमोर दोघांची पावले.)

जळगावातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे हे सभागृह आहे. खाली सरकी-पेंडीचे दुकान आहे. ते बंद झाले की रात्री साडेआठला वरचे पंखे सुरू होतात आणि फरशीवर ही रेघ आखली जाते. जोडीतील एक जण या रेघेवरून पुढे येतो, दुसऱ्याला वळसा घालतो आणि त्याच रेघेवरून पुन्हा बाहेर पडतो. लिंडी हॉप या, स्विंग म्हणजे जॅझच्या एका प्रकारच्या संगीतावर केल्या जाणाऱ्या, जोडीच्या नाचाची ही मूळ चाल असून तिला स्विंगआउट म्हणतात. दीड वर्षापूर्वी पाच जोड्यांनी ती इथे शिकायला सुरुवात केली. चाल आता सगळ्यांना येते. त्या चालीच्या आत आपली स्वतःची पावले कशी घालायची, हे शिकणे सध्या चालू आहे.

(दृश्य : कापडी बुटाचा तळ. त्यावर चिकटवलेले करड्या रंगाचे मऊ चामडे, कडेला वाळलेला डिंक.)

रबरी तळ फरशीला धरून ठेवतो, त्यामुळे पाय वळतो पण बूट वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून इथल्या प्रत्येकाने मोच्याकडून साध्या कापडी बुटांना असे चामडे लावून घेतले आहे. लाकडी जमीन असती तर फार बरे झाले असते. जिल्ह्याच्या ठिकाणी नाचासाठी लाकडी जमिनीचे एक तरी सभागृह असावे, ही मागणी अवाजवी नाही.

(दृश्य : सॅव्हॉय बॉलरूमची जुनी छायाचित्रे.)

हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीय तरुण-तरुणींनी घडवला. तिथल्या लेनॉक्स अॅव्हेन्यूवर 1926 साली सॅव्हॉय बॉलरूम सुरू झाले आणि 1958 साली ते बंद पडले. अमेरिकेत वर्णभेद उघड पाळला जात होता, त्या काळात या जमिनीवर काळे आणि गोरे एकत्र नाचत. फ्रँकी मॅनिंग आणि नॉर्मा मिलर हे नावाजलेले नर्तक तिथेच घडले. मॅनिंग यांनी पुढे सुमारे तीस वर्षे टपाल खात्यात नोकरी केली आणि उतारवयात जगभर फिरून हा नाच पुन्हा शिकवला.

(दृश्य : फक्त पावले, संथ गतीत. आवाज : “एक, दोन, तीन-आणि-चार, पाच, सहा, सात-आणि-आठ.”)

ही मोजणी नीट ऐकावी. मात्रा आठ आहेत, पण शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर दहा वेळा जातो; कारण ‘तीन-आणि-चार’ आणि ‘सात-आणि-आठ’ या जागी तीन-तीन पावले पडतात. ही तीन पावले सारख्या अंतराने पडत नाहीत. त्यांचा डौल लांब, आखूड, लांब असा असतो, आणि केरव्यावर वाढलेल्या आपल्या कानाला तो बसवायला वेळ लागतो. पुढच्या टप्प्यावरचे पदन्यासाचे सगळे गणित या दहा भारबदलांत आहे. तीन पावलांच्या जागी एकच पाऊल टाकून उरलेला वेळ थांबता येते, पण दोन पावले टाकली की पुढच्या ‘एक’ला चुकीचा पाय मोकळा राहतो आणि जोडी अडखळते. ‘एक, दोन’च्या साध्या पावलांऐवजी आधी हवेत लाथ आणि मग दोन चटकन पावले घेतली तरी चालते, कारण भार दोनदाच बदलतो. पडद्यावर दिसणारी ही मुलगी महिनाभर घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून, तेवढाच एक बदल घोकत होती.

(दृश्य : दोन हातांची पकड, अगदी जवळून. बोटे वाकलेली, मनगटे सैल.)

खरी कसोटी इथे आहे. पाय काहीही करोत, या पकडीतला ताण तुटता कामा नये. नवे पाऊल शिकणारा हमखास खाली पाहतो. मान वाकली की भार पुढे येतो, हात ढिला पडतो आणि समोरच्याला काहीच कळेनासे होते. पुरुषांना हे समजावताना फार वेळ गेला. वर्गातल्या बायकांना मात्र ते एका वाक्यात कळले, कारण श्रावणात कानबाईसमोर फुगडी घालताना त्यांनी हाच ताण लहानपणापासून अनुभवला आहे. फुगडीत दोघी मागे झुकतात आणि एकमेकींच्या भारावर उभ्या राहतात. एकीने हात सैल सोडला तर दुसरी पडते. स्विंगआउटच्या शेवटी, सातव्या-आठव्या मात्रेला, जोडी एकमेकांपासून दूर जाते तेव्हा नेमके हेच घडते, आणि त्या ताणातूनच पुढचा ‘एक’ जन्माला येतो.

(दृश्य : रेघेवरून पुढे येणारी स्त्री. टाचा उचललेल्या, चवड्यांवर पावले डावी-उजवीकडे वळतात.)

वर्गात जोडीतील चाल सुचवणाऱ्याला लीड आणि त्याला साथ देणाऱ्याला फॉलो म्हणतात. फॉलो या शब्दाने मोठा गैरसमज होतो. या ‘एक, दोन’मध्ये फॉलो असलेल्या या स्त्रीला कोणी ओढत नाही. तिने कंबरेपासून पीळ घेऊन पावले वळवायची, सरळ चालत यायचे की अर्धी मात्रा मागे रेंगाळायचे, हे ती गाणे ऐकून ठरवते. त्या वेळी जागा आणि ताण सांभाळणे एवढेच समोरच्याचे काम असते. भुसावळहून आठवड्यातून दोनदा रेल्वेने येणाऱ्या या शिक्षिकेने गेल्या सहा महिन्यांत याच दोन मात्रांवर सर्वाधिक कष्ट घेतले आहेत. आधी एकटीने, मग भिंतीला हात टेकून, मग जोडीदाराचा हात धरून, मग संथ गाण्यावर, आणि सर्वांत शेवटी जलद गाण्यावर, हा क्रम तिने एकदाही मोडला नाही.

मार्चमध्ये या जोड्यांनी एका छोट्या कार्यक्रमात नाच सादर केला. घरच्यांच्या विरोधामुळे एका जोडीने वर्ग सोडला, आणि नवे चार जण आले.

(दृश्य : रात्रीचे दहा. रेघ पायांनी जवळजवळ पुसली गेली आहे. शेवटचे गाणे.)

शेवटच्या गाण्याला सगळे भूमिका बदलतात. आता शिक्षिका लीड करते आहे, आणि केळीच्या वखारीत हिशेब लिहिणारा हा तरुण रेघेवरून तिच्याकडे येतो आहे. दुसऱ्या फेरीत तो ‘सात’ला एकच पाऊल टाकून थांबतो. ती हात ओढत नाही, ताण तेवढाच ठेवून तीही थांबते. ‘एक’ला दोघांचाही बरोबर पाय मोकळा आहे.