पद्मिनीला विजेचा पंखा

[दृश्य: उघडं बॉनेट, पंपाच्या पुलीवर फिरणारा मूळ पंखा]

प्रीमियर पद्मिनीचा मूळ पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर बसतो. इंजिन पळालं की तो पळतो, इंजिन मंदावलं की तोही मंदावतो. गाडीला हवं असतं नेमकं उलटं. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तेव्हा हा पंखा इंजिनाची ताकद खात गरगरतो. सायनच्या सिग्नलला गाडी अडकली, की जेमतेम हवा ओढतो. विजेचा पंखा बसवायचा तो यासाठी.

पण गाडी ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने मोकळ्यावर चालतानाच तापत असेल, तर दोष पंख्यात नाही. रेडिएटरची जाळी चोंदलेली असेल, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अडकला असेल किंवा पंप गेला असेल. आधी ते निस्तरा.

मग बघा, बॅटरी चार्ज करायला गाडीत जुना डायनमो आहे की अल्टरनेटर. हे पंखा घेण्याआधी बघायचं, नंतर नाही. 80 वॉटचा पंखा साधारण सात अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. हेडलाइटची जोडी आठ-दहा, इग्निशन कॉइल तीन-चार, सिग्नलला पाय ब्रेकवर असेल तर मागचे दिवे आणखी साडेतीन. पाऊस असला तर वायपर. आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, डायनमो जवळपास काहीच देत नाही. पंखा चालणार तोही आयडलिंगलाच! म्हणजे सगळा भार बॅटरीवर. डायनमोच्या गाडीत आधी अल्टरनेटर बसवावा, त्यात काटकसर करू नये.

[दृश्य: बाकावर ठेवलेला पंखा, रिले, थर्मो स्विच]

पंखा मारुती 800चा चालतो. हलका, लहान, सहज मिळणारा. ज्या कुर्ल्यात पद्मिनी तयार झाली, तिथल्याच सीएसटी रोडवर जुन्या मालात तो सापडतो. घेताना थेट बॅटरीवर चालवून बघा. बेअरिंग घरघरत असेल तर सोडून द्या.

आता सेन्सर. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. काटा दाखवणारा सेंडर वेगळा आणि पंखा चालवणारा थर्मो स्विच वेगळा. सेंडरचा रोध तापमानाबरोबर हळूहळू बदलतो; स्विच फक्त जोडतो किंवा तोडतो. सेंडरच्या वायरीतून पंखा चालवायला गेलात, तर काटाही खोटं बोलेल आणि पंखाही फिरणार नाही.

स्विचवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ 92-87. म्हणजे 92 अंशांना चालू, 87 ला बंद. तो खालच्या टाकीत, म्हणजे थंड होऊन परतणाऱ्या पाण्यात बसवला, तर इंजिनातलं पाणी त्याहून बरंच गरम असतं. तिथे हाच स्विच किंवा याहून कमी आकड्याचा घ्या. वरच्या होजमध्ये बसवायचा तर 95-90चा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याआधीच चालू होणारा स्विच वरच्या होजमध्ये घातला, तर पंखा बंदच होत नाही.

पद्मिनीचा रेडिएटर पितळ-तांब्याचा, त्यामुळे रेडिएटरवाल्याकडून खालच्या टाकीला 22 मिलिमीटर, दीड पिचचे आटे असलेला बुश डाख देऊन बसवता येतो. होज कापून अ‍ॅल्युमिनियमचा अडॅप्टर घालणं सोपं, पण दोन्हीकडे रबर असल्याने अडॅप्टरला अर्थ, म्हणजे बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसशी जोड, मिळत नाही. एका पिनचा स्विच असेल तर अडॅप्टरपासून बॉडीपर्यंत वेगळी वायर द्यावीच लागते. अशा स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तांब्याचा वॉशर पुरतो. बसवण्यापूर्वी स्विच पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून मल्टिमीटरने तपासा. महाबळेश्वरला मात्र पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे 95चा स्विच तपासताना घाई नको.

[दृश्य: रेडिएटरमागे पट्ट्यांवर बसवलेला पंखा]

इंजिन थंड असतानाच कॅप उघडा, कूलंट भांड्यात काढा. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवा. मूळ पंखा काढल्यावर पुलीचे तेच लांब बोल्ट परत लावले तर ते तळाला टेकतात आणि पुली सैल राहते. आखूड बोल्ट लावा किंवा वॉशर भरा. बेल्ट तसाच राहतो, पंप आणि अल्टरनेटर त्यावरच आहेत.

नवा पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवला तर तो समोरचा वारा अडवतो. पुलीपासून किमान 25 मिलिमीटर अंतर ठेवा, कारण क्लच सोडताना इंजिन हलतं. जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवून पंखा लटकवण्याची पद्धत वाईट. टाय घासून नळी भोकाळते. लोखंडी पट्ट्या रेडिएटरच्या चौकटीला बांधा.

वायरिंग रिलेशिवाय, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचशिवाय, करू नका. थर्मो स्विचचे संपर्क पंख्याचा करंट झेपायला बनलेले नसतात. रिलेची 30 नंबरची पिन बॅटरीच्या प्लसला, मध्ये 20 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीजवळच. 87 पंख्याला. 86 इग्निशनवर, म्हणजे स्विच चिकटला तरी रात्रभर बॅटरी उतरणार नाही. 85 थर्मो स्विचला, तिथून अर्थ. पंख्याच्या प्लस-मायनस दोन्ही वायरी अडीच चौरस मिलिमीटरच्या. अर्थच्या वायरीची थिंबल (टोकाची धातूची कडी) रंगावर नाही, खरवडलेल्या पत्र्यावर.

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. कॅप काढून इंजिन चालू ठेवा, वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबले की पातळी पूर्ण करा आणि कॅप लावा. पंखा लागला की जाळीपुढे कागद धरा. तो चिकटला पाहिजे. उडाला तर पंख्याच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. पंखा चालू असतानाच मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला, दुसरी पंख्याच्या मायनसला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थची जागा परत खरवडा.