लाईट बिल, स्लॅब आणि मोबाईल: सोलर बचतीचं साधं ॲप

श्रोतेहो, नमस्कार. घरात हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या बेळगावकडच्या वीज कंपनीचं, लाईट बिल असेल तर ते हाताशी घेऊन बसा. मीटर रीडर दर महिन्याला मशीनमधून काढून देतो ती लांबुळकी पट्टी. तिच्यावरचे तीन कन्नड शब्द आज कामाला येणार आहेत. 'हिंदिन' म्हणजे मागचं रीडिंग, 'इंदिन' म्हणजे आत्ताचं आणि 'बळके' म्हणजे वापर, आपले युनिट. आज आपण छतावरच्या सोलरनं किती पैसे वाचतील हे सांगणारं एक छोटं ॲप आखणार आहोत. त्याची सुरुवात या पट्टीपासूनच होते.

अशी ॲप आधीच ढीगभर असताना आणखी एक कशाला, असं कुणी विचारेल. कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या फोनमधलं ॲप आपल्याकडं चुकतं, म्हणून. तिकडं महावितरणचा दर पायरीनं चढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढं आणखी महाग. सोलर बसवला की वरची, महागडी पायरी आधी कमी होते आणि बचत भरघोस दिसते. कर्नाटकात एप्रिल 2024 पासून घरगुती वापराला पायऱ्याच उरल्या नाहीत. तेव्हा ठरलेला दर युनिटला सरसकट 5 रुपये 90 पैसे होता. आजच्या उदाहरणात तोच धरू. अधिभार आणि कर त्याच्यावर वेगळे लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी, ती म्हणजे कर्नाटक सरकारची गृहज्योती. जुलै 2023 पासूनच्या या योजनेत तुमच्या 2022-23 सालच्या सरासरी वापरावर 10 टक्के वाढवून जो आकडा येतो, तेवढे युनिट फुकट मिळतात. मर्यादा 200 युनिटची. सरासरी 150 असेल तर 165 युनिटपर्यंत बिल शून्य. 190 वापरले तर वरच्या 25 युनिटचे पैसे. 200 ओलांडले की पूर्ण बिल.

आता 190 युनिटच्या या घरात सोलर किती वाचवणार? 25 गुणिले 5.90, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास. ज्यांचं बिल शून्यच येतं त्यांचं वाचायला काही नाहीच. म्हणून ॲपचा पहिला प्रश्न 'तुमचं बिल शून्य येतं का?' हाच हवा. उत्तर 'हो' आलं तर ॲपनं सरळ लिहावं: 'सध्या सोलरनं तुमच्या बिलात बचत होणार नाही.' सोलर विकणाऱ्याला हे वाक्य आवडणार नाही. ॲप मात्र घरमालकासाठी आहे.

पुढचा प्रश्न, बिल कुणाच्या नावावर आहे? गावाकडं बऱ्याच घरांचा आर.आर. नंबर, म्हणजे वीज जोडणीचा नंबर, अजून आजोबांच्या नावावर असतो. छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज, बँक खातं आणि बिल यांतली नावं जुळली नाहीत की अनुदान अडकतं. त्यामुळं 'आधी नाव बदलून घ्या' ही सूचना ॲपमध्ये पैशांच्या आकड्याआधी यावी.

बनवायचं कशात? कोडिंग येत नसेल तर एमआयटी ॲप इन्व्हेंटर वापरा. ते फुकट आहे, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये चालतं आणि ठोकळे जोडून अँड्रॉइड ॲप तयार होतं. स्क्रीन एकच ठेवा. प्रश्नांचे गट पाडा आणि एक संपला की तो लपवून दुसरा दाखवा. तीन-चार स्क्रीन केल्या की आकडे एकीकडून दुसरीकडं नेण्यात नवशिक्याचा अर्धा दिवस जातो. माहिती फोनमध्ये साठवायला त्यात टायनीडीबी नावाचा घटक आहे, तेवढा पुरतो.

इथं हमखास बिघडतं ते सांगतो. वापरणाऱ्यानं एखादा चौकोन रिकामा सोडून 'हिशोब करा' दाबलं की ॲप इंग्रजीत लांबलचक एरर दाखवून थांबतं, कारण रिकाम्या मजकुराला गुणता येत नाही. '1,250' असं स्वल्पविराम देऊन लिहिलं तरी तेच. म्हणून प्रत्येक चौकोनाची 'नंबर्स ओन्ली' ही खूण चालू करा, म्हणजे आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल. गुणाकाराआधी 'इज नंबर' हा ठोकळा लावून तपासा आणि चूक असेल तर मराठीत सांगा: 'युनिटचा आकडा राहिला आहे.'

युनिट मात्र बारा महिन्यांचे मागा. लोक कंटाळतील हे खरं, पण त्याला इलाज नाही. मे महिन्यात पंखा आणि फ्रीज, गणपतीत पाहुणे आणि माळा, जुलैत पाणी तापवायला हीटर. प्रत्येक महिन्याचा आकडा निराळा. आणि सोलरचं उत्पादनही तसंच हलतं.

उत्पादनाचा ढोबळ ठोकताळा असा की 1 किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिट देतं. पण बेळगाव जिल्ह्यात सरासरी धरून चालत नाही. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा अथणीला ढग येतात आणि जातात. म्हणून ॲपमध्ये तालुका निवडायला द्या. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी अशी यादी ठेवा आणि प्रत्येकासाठी बारा आकडे. हे आकडे युरोपीय आयोगाच्या पीव्हीजीआयएस या फुकट संकेतस्थळावर मिळतात. नकाशावर गाव टिपा, क्षमता 1 किलोवॅट, पॅनेलचा उतार 15 अंश, तोंड दक्षिणेला. तिथं दक्षिणेचा आकडा शून्य असतो, 180 टाकाल तर पॅनेल उत्तरेकडं फिरेल. आलेला तक्ता ॲपच्या आतच ठेवा, कारण डोंगराकडच्या वाड्यांत रेंज असेलच असं नाही.

छताविषयी तीनच गोष्टी विचारा. स्लॅब, कौल की पत्रा? लांबी-रुंदी किती फूट? आणि सावली. स्लॅबवर 1 किलोवॅटला 100 चौरस फूट धरा. साधारण 550 वॅटची दोन पॅनेल त्यात बसतात आणि हात फिरवायला जागाही उरते. कौलारू घराला वेगळा सांगाडा लागतो, त्याचा खर्च कोटेशनमध्ये आहे का, एवढंच ॲपनं विचारावं.

सावलीचा प्रश्न नीट मांडायला हवा. बेळगाव 16 अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे, त्यामुळं मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर किंवा थोडा उत्तरेला असतो. मे महिन्यात स्लॅबवर उभं राहून 'सावली नाही' म्हणणारा डिसेंबरात फसतो. डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडं 51 अंशांच्या आसपास उतरलेला असतो. 6 फूट उंच पाण्याच्या टाकीची सावली ऐन दुपारी उत्तरेला 5 फुटांपर्यंत जाते, सकाळी 9 ला तर कितीतरी लांब. पॅनेल एकाच साखळीत जोडलेली असतात, त्यामुळं एकावर सावली पडली की साखळीतल्या बाकीच्यांचं उत्पादनही खाली येऊ शकतं. तेव्हा प्रश्न असा लिहा: 'डिसेंबरात सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत टाकी, नारळ किंवा शेजारच्या मजल्याची सावली पडते का?'

आता वहीत हा हिशोब लिहून घ्या. 3 किलोवॅटच्या घरी उन्हाळ्यातल्या एका महिन्यात सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, 360 युनिट दाखवतो. जाणारी-येणारी वीज दोन्ही मोजणाऱ्या नेट मीटरवर बाहेर गेलेले 220, आत आलेले 150. मग सोलरचे घरातच वापरलेले झाले 360 वजा 220, म्हणजे 140. घराचा एकूण वापर 140 अधिक 150, म्हणजे 290. आत आलेले 150 बाहेर गेलेल्या 220 मधून वळते होतात, म्हणून त्यांचेही पैसे लागत नाहीत. वाचले किती? 290 गुणिले 5.90, म्हणजे 1,711 रुपये. उरलेले 70 युनिट हेस्कॉमला विकले गेले, त्यांना करारात लिहिलेला दर मिळतो आणि तो बराच कमी असतो. बरीच ॲप 360 ला 5.90 नं गुणून 2,124 दाखवतात आणि मग बिल आल्यावर भांडण होतं. शिवाय मंजूर भारावरचा स्थिर आकार, बिलावरचं 'निगदित शुल्क', सोलर बसवला तरी भरावाच लागतो. तो बचतीत धरू नका.

वर्षभराचं उत्पादन आणि वापर यांची एकदम वजाबाकीही करू नका. मार्चमधले जास्तीचे युनिट स्वस्तात जातात आणि जुलैत कमी पडलेले पूर्ण दरानं विकत घ्यावे लागतात. महिन्याचा हिशोब महिन्यात, मग बारा महिन्यांची बेरीज. याच घरात आठ महिने 290 युनिट आणि पावसाळ्याचे चार महिने 230 युनिट वाचले असं धरलं तर वर्षाला 3,240 युनिट, म्हणजे 19,116 रुपये. कोटेशन समजा 1,90,000 चं. केंद्राचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे 78,000. त्याहून मोठ्या संचालाही तेवढंच. अंगावरचा खर्च 1,12,000, तो वसूल व्हायला सहा वर्षांच्या थोडं आत. पण अनुदान मागाहून, संच चालू झाल्यावर खात्यात जमा होतं. म्हणून 'आधी हातातून जाणारे' आणि 'नंतर परत येणारे' या दोन ओळी वेगळ्या दाखवा. अनुदानाला भारतात बनलेल्या सेलची पॅनेल लागतात, हेही तिथंच लिहा.

उत्तराच्या पानावर 'पेबॅक' लिहू नका, 'खर्च वसूल' लिहा. वजा 70 असं दाखवलं तर माणूस तोटा समजतो, म्हणून '70 युनिट जमा' लिहा. इतकी झाडं वाचली, इतका कार्बन वाचला, हे तर गाळाच. बिल बघणाऱ्याला त्याचं काय करायचं ते कळत नाही.

एक सूचना मात्र ठळक हवी: 'करंट गेला की सोलरही बंद पडेल.' बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाईन मेली की स्वतःहून थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. भर दुपारी उत्पादन शून्य दिसलं तर आधी घरात करंट आहे का बघावं. करंट असेल तर व्होल्टेज बघावं, कारण ते मर्यादेपलीकडं चढलं तरी इन्व्हर्टर आपोआप बंद होतो आणि थोड्या वेळानं परत चालू होतो.

चाचणीसाठी शेजारच्या तीन घरांची जुनी बिलं घ्या, एक शून्याचं, एक 190 युनिटचं, एक 300 च्या पुढचं. फोन घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात द्या आणि काही न बोलता बघत राहा. बोट जिथं अडेल तो प्रश्न बदला. आणि 5.90 हा आकडा ठोकळ्यांत पुरून ठेवू नका. दर बहुधा 1 एप्रिलपासून बदलतात, म्हणून तो सेटिंगच्या चौकोनात ठेवा आणि उत्तराखाली बारीक अक्षरात छापा: हा हिशोब अमुक तारखेच्या दरानं केला आहे.