अ‍ॅमिटीव्हिलचं घर : बिजागऱ्या काय सांगतात

[दृश्य : ओशन अ‍ॅव्हेन्यूवरच्या घराचं जुनं कृष्णधवल छायाचित्र]

भूत आहे की नाही, या वादात आजवर कुणी हरलेलं नाही. पण दार बिजागरीसकट उखडलं होतं की नाही, हे बिजागरीवरचा रंग पाहून सांगता येतं. अमेरिकेतल्या अ‍ॅमिटीव्हिलच्या ‘झपाटलेल्या’ घराची गोष्ट आपण त्या बिजागरीपासून तपासणार आहोत.

न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडवर हे गाव आहे. पत्ता, 112 ओशन अ‍ॅव्हेन्यू. डच धाटणीचं मोठं लाकडी घर, मागे कालवा, कालव्याकाठी होडी ठेवायची शेड. आणि अगदी वर, माळ्यावर, चंद्रकोरीसारख्या दोन खिडक्या.

आधी जे निर्विवाद खरं आहे ते. 13 नोव्हेंबर 1974च्या पहाटे, तीनच्या सुमारास, 23 वर्षांच्या रोनाल्ड डिफिओनं या घरात आई, वडील आणि चार भावंडांना रायफलनं गोळ्या घातल्या. सगळ्यात धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. सहाही मृतदेह आपापल्या बिछान्यात पालथे सापडले. रायफलला सायलेन्सर नव्हता. शेजाऱ्यांनी कुत्र्याचं भुंकणं ऐकलं, गोळीबार ऐकला नाही. मृतांच्या शरीरात गुंगीचं औषधही आढळलं नाही. या घरातलं खरं कोडं हेच, पण त्यावर फार कुणी सिनेमे काढले नाहीत. नोव्हेंबर 1975मध्ये डिफिओ दोषी ठरला. सहा खुनांसाठी प्रत्येकी 25 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

[दृश्य : बर्फाळ रस्ता, सामानाचा ट्रक]

त्याच डिसेंबरात जॉर्ज आणि कॅथी लुट्झ तीन मुलांसह तिथे राहायला आले. घर 80,000 डॉलरना मिळालं. इथे काय घडलं होतं, हे त्यांना घेतानाच सांगितलं होतं. आपल्याकडे वास्तुशांत करतात तसं त्यांनी पाद्री बोलावून घर पवित्र करून घेतलं. आणि 28 दिवसांनी, 14 जानेवारी 1976ला, सामान तिथेच टाकून ते निघून गेले.

सप्टेंबर 1977मध्ये जे अ‍ॅन्सन यांचं पुस्तक आलं. लुट्झ दांपत्यानं टेपवर बोलून ठेवलेल्या हकिगतींवरून लिहिलेलं, आणि मुखपृष्ठावर ‘सत्यकथा’ असा शिक्का. त्यात काय नाही? भर हिवाळ्यात खिडकीवर माश्यांचे थवे. रोज पहाटे सव्वातीनला जॉर्जला येणारी जाग. पाद्रीबुवांना ‘चालते व्हा’ म्हणणारा आवाज. बर्फात उमटलेले दुभंगलेल्या खुरांचे ठसे. बिजागरीवरून उखडलेलं भक्कम दार.

यातले आवाज आणि वास तपासता येत नाहीत. ज्यांनी ऐकले त्यांनी ऐकले. माग ठेवणाऱ्या गोष्टी मात्र तपासता येतात, आणि रिक मोरान व पीटर जॉर्डन या दोन तपासकांनी नेमक्या त्याच धरल्या. खुरांच्या ठशांना बर्फ लागतो, म्हणून त्यांनी हवामानाची नोंद काढली. पुस्तक सांगतं त्या दिवशी ठसे उमटावेत असा बर्फच तिथे नव्हता. पुस्तकात पोलीस घरी येऊन पाहणी करून जातात. पोलिसांचं उत्तर होतं, की लुट्झ कुटुंब तिथे राहत असताना त्यांनी आम्हाला बोलावलंच नाही.

[दृश्य : दाराची बिजागरी, अगदी जवळून]

आता दार. जड दार उखडलं, तर चौकटीचं लाकूड फाटतं, स्क्रूची भोकं सैल होतात. ते पुन्हा बसवायचं तर भोकं बुजवून नवे स्क्रू मारावे लागतात आणि वरून रंग द्यावा लागतो. हा नवा रंग जुन्यात कधीच पूर्ण मिसळत नाही, कुठल्याही सुताराला विचारा. पुढच्या मालकांनी दारं उघडून दाखवली, तेव्हा बिजागऱ्या, कुलपं, मुठी सगळं जुनंच होतं. त्यावरच्या रंगाला आणि व्हार्निशला धक्कासुद्धा लागलेला नव्हता.

माश्यांचं मात्र खोटं मानायचं कारण नाही. थंड प्रदेशात एका जातीच्या माश्या हिवाळाभर माळ्यावर आणि भिंतींच्या पोकळीत दडून राहतात, ऊन पडलं की खिडकीच्या काचेवर गोळा होतात. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरणारच, आणि घराचा इतिहास ठाऊक असेल तर दुप्पट घाबरणार.

ही जागा म्हणजे शिनेकॉक आदिवासींनी आजारी आणि वेड्या माणसांना कोंडून ठेवायची जागा, असंही पुस्तक म्हणतं. शिनेकॉकांचा मुलूख तिथून सुमारे 80 किलोमीटर पूर्वेला आहे. पाद्रीबुवांच्या बाबतीत तर दोन साक्षी एकमेकींना छेद देतात. या प्रकरणावरून पुढे झालेल्या खटल्यातल्या प्रतिज्ञापत्रात ते सांगतात, या प्रकरणात लुट्झ कुटुंबाशी आपला संबंध फक्त फोनवरून आला. नंतर चेहरा झाकून दिलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत मात्र तो आवाज आपण ऐकला, असं ते सांगतात.

मग गोष्ट आली कुठून? डिफिओचा वकील विल्यम वेबर याला खटला पुन्हा उभा करायचा होता, आणि अशिलाला ‘आवाज ऐकू येत’ हाच त्याचा बचाव होता. घर खरोखर झपाटलेलं निघालं, तर त्याच्या पथ्यावरच पडणार होतं. त्याच्या आणि लुट्झ दांपत्याच्या बैठका झाल्या, पुस्तकाचं बोलणंही झालं, पण लुट्झ दुसऱ्या लेखकाकडे गेले आणि भांडण कोर्टात पोचलं. 1979मध्ये वेबरनं उघड सांगितलं, की ही भयकथा आम्ही वाइनच्या बाटल्या रिचवत रचली. खुनांची वेळही आपणच त्यांना सांगितली होती, असा त्याचा दावा. त्याच सप्टेंबरात ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी म्हटलं, की हे पुस्तक बऱ्याच अंशी कल्पित दिसतं आणि त्यात वेबरच्या सूचनांचा वाटा मोठा आहे. अर्थात वेबरही त्या भांडणातला पक्षकारच, तेव्हा त्याचा शब्दही तोलूनच घ्यायला हवा.

लुट्झ दांपत्यानं त्याच वर्षी पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडणाऱ्या यंत्राची चाचणी दिली आणि ते पास झाले. हा मुद्दा वारंवार पुढे केला जातो. ते यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि तळव्यांचा घाम मोजतं. सांगणाऱ्याचा स्वतःच्या सांगण्यावर विश्वास बसलेला असेल, तर काटा शांत राहू शकतो. माळ्यावर कोण होतं हे त्या यंत्राला कळत नाही.

आमच्या मते हे घर सोडून ते घाबरून गेले असतील, हे शक्य आहे. नुकतेच सहा खून झालेल्या घरात, लाँग आयलंडच्या जानेवारीत, रात्री लाकूड आकसून कुरकुरताना, कुणाचीही झोप उडेल. त्या भीतीवर ठसे, पोलीस आणि उखडलेलं दार नंतर चढवलं गेलं, आणि पडताळता येणारं नेमकं तेच खोटं निघालं. पुस्तकात काही अतिरंजित आहे, हे जॉर्जनंही मान्य केलं. मूळ अनुभव खरा, यावर मात्र तो 2006मध्ये मरेपर्यंत ठाम होता.

[दृश्य : आजचं घर, लांबून]

1977पासूनच्या मालकांना भुतांचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो अंगणात शिरणाऱ्या बघ्यांचा, इतका की त्यांनी लेखक, प्रकाशक आणि लुट्झ यांच्यावर दावा लावला आणि तडजोडीत भरपाई घेतली. पुढे घराचा क्रमांक बदलून 108 झाला. त्या चंद्रकोरी खिडक्या काढून साध्या चौकोनी बसवल्या. गावानं चित्रीकरणाला परवानगी न दिल्यामुळे या पुस्तकावरचा 1979चा सिनेमा न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर इथे झाला, तिथल्या दुसऱ्याच घराला खोटा माळा जोडून. पडद्यावर डोळ्यांसारख्या चमकणाऱ्या त्या खिडक्या या घराच्या नाहीत.