सिंधूची जबानी

(गिरगाव, केळेवाडी. साहित्य संघ मंदिराच्या पायऱ्या. मागे ऑर्गनवर 'कशि या त्यजू पदाला'.)

गिरगावात हे पद कुणी गुणगुणलं, की शेजारचा पुढची ओळ धरतो. हे पाय मी कसे सोडू, असं 'एकच प्याला' नाटकातली सिंधू विचारते. पाय कुणाचे? दारुड्या नवऱ्याचे. चाल इतकी गोड, की हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्यांचं 'एकच प्याला' उभं केलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्व. बाईचं दुःख पुरुषाने लिहिलं, पदं पुरुषाने रचली आणि लुगडं नेसून गायलाही पुरुषच. गळ्याला दोष नाही हो, तो गळा पुन्हा होणे नाही. पण 'बायको असावी तर अशी' म्हणत डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांनी सिंधूला जरा जास्तच घट्ट धरून ठेवलं.

(जुनं जातं. खुंट्यावर बाईचा हात.)

सिंधूचा नवरा सुधाकर हुशार वकील. त्याची सनद जाते, पैसा जातो, अब्रू जाते, शेवटी शुद्धही जाते. नवरेपण तेवढं शाबूत राहतं. सिंधूचं माहेर श्रीमंत, तरी ती लोकांचं दळण दळते. जात्याची घरघर चालू, जवळ तान्हं बाळ. दारूने सुधाकरचं काय काय गेलं हे आपण मोजतो, सिंधूच्या हाताचे घट्टे कुणी मोजत नाही. याच नाटकात सुधाकरला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाची बायको गीता फाडकन बोलते. तिला हशा मिळतो, सोसणारीला टाळ्या.

आणि मग शेवटचा अंक. दारूच्या भरात सुधाकर काठी उगारतो. मूल जातं, सिंधू घायाळ होते. फौजदार येतो. कायदा पहिल्यांदाच तिच्या दारात उभा आहे, आणि विचारणं होतं ते नवऱ्यासमोर. मरता मरता सिंधू खोटी जबानी देऊन त्याला वाचवते. सुधाकरला स्वतःला काहीच लपवावं लागत नाही. त्याच्या सत्तेची खरी ताकद मला काठीत नाही, या जबानीत दिसते.

(वांद्रे. भाभा हॉस्पिटल. कॅज्युअल्टीबाहेरचा बाक.)

ती जबानी मुंबईत अजून रोज दिली जाते. 'बाथरूममध्ये घसरले.' 'जिन्यावरून पडले.' मार असतो पाठीवर, दंडावर बोटांचे वळ, आणि केसपेपरवर लिहिलं जातं: पडल्याने. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम १९८३ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी मुंबई पोलीस आयुक्तालयात, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने, महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पण पोलिसांपर्यंत न जाणारी बाई टाके घालायला दवाखान्यात येतेच. म्हणून आरोग्यावर काम करणारी 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून इथे अशा बायकांसाठी 'दिलासा' केंद्र काढलं. इथल्या नर्सना, डॉक्टरांना शिकवलं जातं ते हेच: 'पडले' ऐकलं की जखमेकडे पुन्हा बघा, आणि बाईशी एकटीशी बोला.

(पडदा ओढल्याचा आवाज.)

नवरा सोबत आलेला असतो. काळजीत असतो, तिच्याआधी तोच उत्तरं देतो. सिस्टर त्याला केसपेपर काढायला खिडकीवर पाठवते. स्टूल पुढे ओढते. आवाज खाली आणून तोच प्रश्न परत विचारते.

"ताई, कसं लागलं?"