मुलांची मागणी प्रोसिडिंगमध्ये येते तेव्हा

(दृश्य: शाळेचं मैदान, वरून. रांगोळी, विटांचा चुरा, कडुलिंबाचा पाला. मुलं वाकून काम करताहेत.)

निवेदन:
मैदानावर गाव उतरतंय. रांगोळीची रेघ म्हणजे डांबरी रस्ता, विटांचा चुरा म्हणजे घरं, पाला म्हणजे शिवार. एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे. दोन्ही गटांना एवढंच सांगितलंय, की आपण रोज जिथे जिथे जातो ते सगळं दाखवा.

मुलग्यांचा नकाशा बघता बघता मैदानाच्या कडेला भिडला. बंधारा, करवंदांची टेकडी, क्रिकेटचा माळ, पलीकडच्या वाडीतलं देऊळ. मुलींचा नकाशा शाळा, नळकोंडाळं, किराणा दुकान आणि घर एवढ्यात आटोपला. गाव एकच आहे, वयही तेच आहे.

(दृश्य: लाल रंगाची वाटी. हात बदलत जाते.)

आता लाल रंग. जिथे भीती वाटते, जिथे जायला नको वाटतं, तिथे चिमूटभर टाकायचा. फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर मुलींनी लाल रेघच ओढली. संध्याकाळची एसटी फाट्यावर सोडते आणि पुढचा रस्ता अंधाराचा आहे. मुलग्यांनी बंधाऱ्याच्या भिंतीवर रंग टाकला. आणि चौथीतल्या एका मुलीने तो टाकला शाळेवरच.

(नैसर्गिक आवाज. इथे निवेदन नाही. क्लोजअप: स्वच्छतागृहाचं दार, कडीच्या जागी दोन भोकं.)

निवेदन:
दाराला आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरीने बाहेर उभं राहून दार धरायचं. दार धरायला कुणी नसेल त्या दिवशी पाणी प्यायचं नाही. गावाच्या विकास आराखड्यात शाळेची रंगरंगोटी होती, कमान होती, पेव्हर ब्लॉक होते. कडी नव्हती. ती असायचं कारणही नव्हतं, कारण आराखडा करणाऱ्यांपैकी त्या दारामागे कुणी जात नाही.

हा नकाशा ज्यासाठी काढला जातोय ती बालसभा, म्हणजे ग्रामसभेआधी होणारी मुलांची सभा. तिच्यामागचं सगळं समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. भिंतीवरचा योजनांचा फलक. कपाटातली जुनी रजिस्टरं.)

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पण ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं. त्याच्या थोडंच आधी, १९८९मध्ये, मतदानाचं वय २१वरून १८वर आलं होतं. म्हणजे अठराच्या पुढच्यांना दार उघडलं. अठराच्या आतल्यांचं काय? शाळा, अंगणवाडी, खेळाचं मैदान, नळ, एसटी, आरोग्य उपकेंद्र या सेवा रोज वापरणारी ही माणसं. त्यांच्यासाठी १९८९मध्येच संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता मंजूर केली. तिचं बारावं कलम म्हणतं, की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय आणि समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारताने डिसेंबर १९९२मध्ये ही संहिता स्वीकारली.

आपल्याकडे हे प्रत्यक्षात उतरवण्याची जुनी आणि ठळक उदाहरणं शेजारच्या कर्नाटकातली आहेत. नव्वदच्या दशकात उडुपीकडच्या कुंदापूर तालुक्यात काम करणाऱ्या मुलांच्या ‘भीम संघ’ या संघटनेतून ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांची पंचायत, उभी राहिली. मुलांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडले. मोठ्यांपैकी कुणाकडे हक्काने जायचं तो ‘मक्कळ मित्र’ही मुलांनीच निवडला. पुढे कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा घ्यायला सांगितलं. सुरुवात शाळेतल्या हुशार मुलांपासून झाली नव्हती, गुरं राखणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या मुलांपासून झाली होती. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: रविवार दुपार. शेळ्या घेऊन आलेला मुलगा मैदानाच्या कडेला उभा. मग आत येतो.)

म्हणून इथली बालसभा रविवारी आहे. शाळेच्या वेळेत घेतली की शाळेत न येणारं मूल आपोआप सुटतं, आणि तेच मूल नळावर, रस्त्यावर, रेशनच्या रांगेत सगळ्यात जास्त असतं. हा मुलगा बोलला नाही. त्याने जनावरांच्या हौदाची जागा दाखवली आणि तिथे रंग टाकला.

(दृश्य: जुनं चित्रीकरण. ग्रामसभा, स्वागतगीत, हार, टाळ्या. मुलं रांगेने बाहेर.)

निवेदन:
हे चित्रीकरण एका जुन्या ग्रामसभेचं. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, पाहुण्यांना गुलाबाची फुलं दिली, फोटो झाला, आणि विषयपत्रिका सुरू व्हायच्या आत मुलं वर्गात परत गेली. अहवालात ‘बालकांचा सहभाग’ या रकान्यात खूण झाली. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. त्या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली छान गायल्या, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्या वर्षी त्यांना कुणी काही विचारलं नाही.

(दृश्य: वर्गखोली. फळ्यावर तीन रकाने. खडूचे हात.)

बालसभेचं काम फळ्यावर चालतं. नकाशावरचा प्रत्येक लाल ठिपका तीनपैकी एका रकान्यात जातो: ग्रामपंचायत करू शकते, ग्रामपंचायत फक्त ठराव करून वर पाठवू शकते, आणि आपलं आपण करू शकतो. मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि भांडणंही इथेच होतात. रस्त्यावरचे दिवे? ग्रामपंचायत. एसटीची वेळ? ती आगाराच्या हातात, म्हणून ठराव. बंधाऱ्यावर फलक? आधी सगळ्यांनी ‘आपण’ म्हटलं, मग एकीने विचारलं की फलक लावून पोहणारे थांबणार आहेत का. त्यासाठी कठडा हवा, आणि तो दुसऱ्या खात्याकडून व्हावा लागेल. ठिपका दुसऱ्या रकान्यात गेला.

पैशाचंही गणित फळ्यावर आलं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के निधी बंधित होता, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. स्वच्छतागृहाचं काम बंधितमध्ये बसवता येतं, दिवे अबंधितमध्ये. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आठवीतल्या मुलांना हे समजतं का, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. ही दृश्यं बघा.

(दृश्य: मुलगी फळ्यावर टक्केवारी मांडते, पुसते, पुन्हा मांडते. बाइट: तीच मुलगी. बाइट: मुख्याध्यापक.)

निवेदन:
संध्याकाळी पारावर दुसरी बैठक. इथे अठरा ते पंचवीसची मुलं आहेत. यांची नावं मतदार यादीत आहेत, तरी ग्रामसभेत यांच्यातलं क्वचितच कुणी दिसतं. कुणी कारखान्यात पाळीवर, कुणी तालुक्याला कॉलेजात, कुणी भरतीच्या तयारीत. तरुणांसाठी काय करायचं म्हटलं की आराखड्यात व्यायामशाळा येते. या पोरांनी व्यायामशाळेचं नावही काढलं नाही. त्यांना रात्री उघडी राहणारी अभ्यासिका हवी आहे. किल्ली आमच्याकडे द्या, हजेरीची वही आम्ही ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. आणि संध्याकाळच्या एसटीबाबत ही पोरं आणि शाळेतल्या मुली एकाच मतावर आली.

(दृश्य: ग्रामसभा. सतरंजी, माइकची खरखर. पुढच्या रांगेत मुलांचे पाच प्रतिनिधी.)

ग्रामसभा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल तेवढे लागतात. आज तेवढे आहेत. महिलांची सभा आधी झाली आहे. तिला कायद्याचा आधार आहे. बालसभेला तसा भक्कम आधार नाही, ती केंद्राच्या सूचनांवर आणि बालस्नेही गावाच्या संकल्पनेवर चालते. त्यामुळे सगळं सरपंचांच्या मनावर राहतं. आमच्या मते हे बदलायला हवं.

मुलांना मत देता येत नाही, मग त्यांचा विषय मांडणार कोण? मुलांनी स्वतः वाचून दाखवायचं, आणि सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन मतदारांनी सही करायची, असं ठरलं. अनुमोदक पारावरच्या बैठकीतला मुलगा आहे. सूचक एक आजी आहेत.

(दृश्य: प्रोसिडिंग बुक, क्लोजअप. पेन चालतं.)

प्रोसिडिंग बुक म्हणजे ग्रामसभेच्या कामकाजाची नोंदवही. तिचं हे पान नीट बघा. विषय क्रमांक, मागणी, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक. एखादी गोष्ट माइकवरून बोलली गेली आणि इथे आली नाही, तर ती सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या गावाच्या आराखड्यातही येत नाही आणि तिच्यावर पैसाही पडत नाही. आज इथे मुलांच्या सहा मागण्या लिहिल्या गेल्या. त्यांतल्या दोन नामंजूर झाल्या, आणि मुलांनी आग्रह धरला म्हणून नामंजुरीचं कारणही लिहिलं गेलं. खेळाच्या मैदानाची जागा गायरानात आहे आणि गायरान ग्रामपंचायतीला परस्पर वापरता येत नाही. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

(दृश्य: बाइट: सरपंच. बाइट: ग्रामपंचायत अधिकारी.)

(दृश्य: झपाट्याने. कडी बसवणारा हात. खांबावर चढलेला वायरमन. अभ्यासिकेतली ट्यूबलाइट.)

निवेदन:
कडी लगेच बसली. फाट्यापासून वस्तीपर्यंतचे दिवे लागले, शेवटचा खांब अजून बाकी आहे. अभ्यासिका जुन्या चावडीच्या खोलीत सुरू आहे. जनावरांच्या हौदाची जागा ठरली, काम नाही.

एसटीचा ठराव आगारात पोचल्याची पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही. पुढच्या बालसभेच्या विषयपत्रिकेवर मुलांनी तो पहिला घेतला आहे. तोवर उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र एसटीच्या विभाग नियंत्रकांना जाईल. त्याचा मसुदा तयार आहे, खाली पाच सह्या आहेत.